घरात शोक असताना उपकारस्तुतीची सभा घ्यावी का?

पत्राचा सारांश: नाशिकच्या शरणपूर भागातील एका वाचक भगिनीने हे पत्र पाठवले आहे. त्यांचे घर दुमजली असून खाली त्या, त्यांचे पती आणि सासूबाई राहतात, वरच्या मजल्यावर दीर आणि जाऊ. जूनमध्ये पतींना हृदयविकाराचा झटका आला, बायपास झाली आणि ते बचावले. त्यानंतर नऊ दिवसांनी जावेच्या बावीस वर्षांच्या मुलाला मुंबई-आग्रा महामार्गावर अपघात झाला. तो चार दिवस अतिदक्षता विभागात होता आणि गेला. मंडळीने, म्हणजे चर्चच्या लोकांनी, दोघांसाठीही तशीच उपास-प्रार्थना केली होती. शस्त्रक्रियेच्या रात्री सासूबाईंनी नवस बोलला होता की, मुलगा बरा झाला तर घरी उपकारस्तुतीची, म्हणजे देवाचे आभार मानण्याची, सभा घेऊन मंडळीला जेवू घालीन. आता त्या म्हणतात, "घरात आधीच एक गेला आहे, देवाचे देणे अंगावर ठेवू नको." चर्चचे पाळकसाहेब (धर्मगुरू) तारीख विचारत आहेत, तरुण संघ वाद्ये आणि स्पीकर आणायला तयार आहे. वाचक भगिनी लिहितात, "सभा घेतली तर देवाने आमचा माणूस वाचवला आणि तुमचा नाही, असे जावेच्या तोंडावर म्हटल्यासारखे होईल. नाही घेतली तर आम्ही कृतघ्न ठरू. पुतण्याचे बूट अजून जिन्याखाली तसेच आहेत. रविवारी स्तुतिगीते सुरू झाली की माझे ओठ हलत नाहीत. मी ढोंगी झाले आहे का?"

ताई, सलाम.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा जिन्याखालच्या बुटांपाशी थांबले. ज्या घरात दिवसातून दहा वेळा त्या बुटांवरून नजर जाते, त्या घरात सभेची तारीख ठरवताना हात अडखळला नसता तरच मला काळजी वाटली असती. तुमच्या मनात कृतज्ञता नाही असे पत्रातल्या एकाही ओळीवरून वाटत नाही. ती इतकी आहे की कुठे ठेवावी हे तुम्हांला कळेनासे झाले आहे, आणि तिच्याभोवती दोन-तीन समजुती अशा गुंतल्या आहेत की आधी त्या सोडवल्याखेरीज तारखेचा विचार करण्यात अर्थ नाही.

पहिली समजूत सासूबाईंच्या 'देवाचे देणे' या शब्दांत आहे. त्यांना दोष देऊ नका. रात्रभर शस्त्रक्रियागृहाबाहेर बसलेली आई जे करते तेच त्यांनी केले. दर फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला लोटणाऱ्या गर्दीत कितीजण असाच एखादा शब्द फेडायला आलेले असतात, आणि त्यांतले कितीतरी ख्रिस्तीही नसतात. शिवाय आपली भाषाच आपल्याला या दिशेने ढकलते. मराठीत उपकार फेडायचे असतात, उपकाराखाली माणूस दबतो, उपकारातून उतराई व्हावे लागते; त्यामुळे 'उपकारस्तुती' हा आपल्या मंडळ्यांतला सुंदर शब्दही नकळत वहीखात्यातल्या नोंदीसारखा ऐकू येऊ लागतो. नव्या कराराच्या मूळ ग्रीकमध्ये याच अर्थाने जो शब्द येतो, युखारिस्तिया, त्याच्या पोटात 'खारिस' म्हणजे कृपा आहे. कृपेची परतफेड कोणी मागत नाही आणि वेळेत फेड झाली नाही म्हणून ती कोणी परत नेत नाही.

पण बायबल नवसाला हसत नाही, हेही सासूबाईंना सांगा. स्तोत्रसंहितेतले ११६ वे स्तोत्र त्यांच्याबरोबर बसून वाचा. मरणाच्या दारातून परत आलेल्या माणसाचे ते गाणे आहे, म्हणजे तुमच्या घरासाठीच लिहिल्यासारखे. त्यात तो माणूस आपले नवस सर्व लोकांसमक्ष फेडीन असे म्हणतो. त्याआधी मात्र तो विचारतो की, परमेश्वराने केलेल्या एवढ्या उपकारांचा मी उतराई कसा होऊ, आणि उत्तर देतो की मी तारणाचा प्याला हाती घेईन. म्हणजे फेडायला गेलेला माणूस पुन्हा घेऊनच येतो. आणि वाचता वाचता पंधराव्या ओवीपाशी थांबा, कारण तिथे, वाचलेल्या माणसाच्या त्या आनंदगीतात मध्येच, परमेश्वराच्या दृष्टीने त्याच्या भक्तांचे मरण किती मोलाचे आहे याचा उल्लेख येतो. स्वतः वाचलेला हा माणूस न वाचलेल्यांना आपल्या गाण्याबाहेर ठेवत नाही. वल्हांडण या सणाच्या भोजनाला ज्यू लोक ११३ ते ११८ ही स्तोत्रे म्हणत आले आहेत. धरून दिले जाण्याच्या रात्री येशूने भाकर हाती घेऊन उपकारस्तुती केली आणि भोजनानंतर शिष्यांसह स्तोत्र गाऊन तो जैतुनांच्या डोंगराकडे निघाला, तेव्हा त्याच्या ओठांवर बहुधा हीच स्तोत्रे होती. ती उपकारस्तुती संकट टळल्यावरची नव्हती, हे त्या रात्रीच्या आठवणीसाठी होणाऱ्या प्रभुभोजनाला बसताना आपण पुष्कळदा विसरतो.

आता तुमची स्वतःची समजूत, आणि मला तीच अधिक जड वाटते. आभार मानणे म्हणजे देवाने कोणाची बाजू घेतली याचा निकाल जाहीर करणे, असे तुम्ही धरून चालला आहात. ही समजूत तुम्ही घरून आणलेली नाही; ती आम्ही सगळ्यांनी मिळून तुम्हांला शिकवली आहे. आमच्या सभांमधून साक्षी कशा दिल्या जातात ते आठवून पाहा. "आम्ही विश्वासाने मागितले आणि देवाने ऐकले" असे एकजण उभा राहून म्हणतो, सगळे आमेन म्हणतात, आणि ज्याला तितक्याच विश्वासाने मागून रिकाम्या हाताने परतावे लागले तो मागच्या बाकावर मान खाली घालतो. साक्ष देणाऱ्याच्या मनात वाईट काहीच नसते. पण 'मिळाले' या गोष्टीला तो 'म्हणून मिळाले' असे कारण जोडतो, आणि इजा त्या कारणाने होते.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा बारावा अध्याय यासाठी मला फार महत्त्वाचा वाटतो. त्याच्या दुसऱ्याच ओवीत हेरोद राजा येशूचा शिष्य, योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने ठार मारतो. एवढे एकच वाक्य, आणि मग उरलेल्या अध्यायाचा मोठा भाग दुसरा शिष्य पेत्र तुरुंगातून कसा सुटला हे सांगतो. पेत्र मध्यरात्री मरीया नावाच्या एका विश्वासी बाईच्या घराचे दार ठोठावतो, तेव्हा दाराशी आलेली मुलगी त्याचा आवाज ओळखून इतकी हरखते की दार न उघडताच आत धावते. त्या घरात प्रार्थना करत बसलेल्यांमध्ये याकोबाला ओळखणारे, त्याच्यासाठी रडलेले लोक नसतील असे मला मानवत नाही. एक का गेला आणि दुसरा का सुटला, याबद्दल या पुस्तकाचा लेखक लूक एक अक्षरही लिहीत नाही. पेत्राचा विश्वास मोठा होता असेही तो म्हणत नाही. तरीही ते लोक पेत्राला आत घेतात, आणि प्रभूने आपल्याला कसे बाहेर आणले हे तो त्यांना सांगतो. तुमच्या पतींच्या बाबतीत तुम्हांला एवढेच करायचे आहे: काय झाले ते सांगायचे आणि त्याबद्दल धन्यवाद द्यायचा. का झाले हे सांगण्याची जबाबदारी देवाने तुमच्यावर टाकलेली नाही.

यातच आणखी एक गोष्ट सांगून ठेवते, कारण तुमच्या घरी येणारे कोणीतरी हे नक्की बोलेल. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रातले 'सर्व स्थितीत उपकारस्तुती करा' हे वचन शोक करणाऱ्या आईला ऐकवले जाते, जणू तिने मुलाच्या मृत्यूबद्दल आभार मानावेत. ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथे 'स्थितीत' म्हणतो. प्रत्येक स्थिती चांगली आहे असे तो म्हणत नाही. इफिसकरांच्या पत्रात मात्र 'सर्व गोष्टींबद्दल' असे शब्द आहेत आणि ते मी लपवणार नाही. पण तेच पौलाचे हात त्याचा सहकारी एपफ्रदीत मरता मरता वाचला तेव्हा लिहितात की, मला दुःखावर दुःख होऊ नये म्हणून देवाने माझ्यावरही दया केली. म्हणजे तो मेला असता तर पौलाला दुःख झाले असते आणि त्याला तो दुःखच म्हणाला असता. जावेच्या दुःखावर कोणी हे वचन ठेवू लागले तर त्यांना मध्येच थांबवण्याचा अधिकार तुम्हांला आहे, मग ते वयाने कितीही मोठे असोत.

काही वर्षांपूर्वी गारपिटीने द्राक्षबागा झोपल्या होत्या, त्या वर्षीच्या कापणीच्या सणाला आमच्या मंडळीतल्या एका बागायतदाराने वेदीपुढे रिकामा क्रेट आणून ठेवला. शेजारी ज्वारीची कणसे, भोपळे, कोणी आणलेली कोंबडी, आणि मध्ये तो निळा रिकामा क्रेट. कोणी काही बोलले नाही. पाळकांनी इतर दानांबरोबर त्यावरही हात ठेवून प्रार्थना केली. द्राक्षवेलीला फळ नाही, गोठ्यात गुरे नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन, असे जो हबक्कूक संदेष्टा शेवटी म्हणतो, त्याच्या पुस्तकाची सुरुवात 'परमेश्वरा, मी किती वेळ ओरडू आणि तू ऐकणार नाहीस' अशी आहे. त्या सुरुवातीशिवाय तो शेवट कोणी कोणाकडून मागू नये.

रविवारच्या उपासनेत तुमचे ओठ हलत नाहीत, त्याबद्दल. ढोंगी माणसाचे ओठ हलत असतात, ताई. इब्री भाषेत स्तोत्रसंहितेच्या पुस्तकाचे नाव 'तहिल्लीम' आहे, म्हणजे 'स्तवने'. तरी त्या १५० स्तोत्रांत विलापाची स्तोत्रे इतर कोणत्याही प्रकारापेक्षा जास्त आहेत, आणि ८८ वे तर अंधारातच संपते, त्यात शेवटी उजेडाची एक ओळसुद्धा नाही. ज्यांनी हे पुस्तक एकत्र बांधले त्यांनी त्यालाही 'स्तवन' म्हटले, कारण देवाकडे तोंड करून रडणे हेही त्याला देव मानणेच आहे. आपल्या मराठी उपासनेत हे अंग पूर्वी ठसठशीत होते. कवी ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि त्यांनी संतांच्या अभंगाचा घाट ख्रिस्ती भजनात आणला, त्याबरोबर देवाशी भांडण्याची, त्याला हाक मारून मारून थकण्याची आपली जुनी रीतही आणली. हल्ली आमच्या अर्ध्या तासाच्या स्तुतीत एकाच चढ्या सुराची गाणी लागोपाठ होतात आणि जो आज त्या सुरात नाही त्याला जागा उरत नाही. मुलांच्या उत्साहाबद्दल मला आदर आहे. गाणी निवडणाऱ्यांनी मात्र दर रविवारी एक गाणे मागच्या बाकावरच्या माणसासाठी निवडावे, असे मला कळकळीने वाटते.

माझे वडील गेले त्यानंतर कितीतरी महिने आई देवळात गीतांचे पुस्तक उघडून ओळीवर बोट ठेवून उभी राहायची. बोट ओळीबरोबर सरकायचे, आवाज नसायचा. तिच्या शेजारी बसणाऱ्या मावशी एरवी हळू गाणाऱ्या. त्या महिन्यांत त्या मोठ्याने गाऊ लागल्या. मी तेव्हा लहान होते आणि मला वाटले की त्यांना ऐकू कमी येऊ लागले आहे. मंडळी एकत्र का गाते, एकेकट्याने घरी का गात नाही, याचे उत्तर मला पुढे पुष्कळ वर्षांनी त्या आवाजात सापडले. तेव्हा सध्या तुम्ही नुसते बोट फिरवा, किंवा तेही नको असेल तर बसून राहा. तुमच्या वाटचे आम्ही गाऊ.

मग सभा घ्यावी का? माझे मत असे की घ्यावी, पण सासूबाईंच्या डोक्यात आहे तशी नव्हे आणि तुम्ही भीत आहात तशीही नव्हे. लेवीय पुस्तकाच्या सातव्या अध्यायात उपकारस्तुतीच्या अर्पणाचा एक नियम आहे: त्याचे मांस त्याच दिवशी खाऊन संपवायचे, सकाळपर्यंत काही ठेवायचे नाही. त्याबरोबर भाकरीही असत. ज्यूंच्या मिश्ना या जुन्या नियमसंग्रहात त्यांची संख्या ४० सांगितली आहे. एका घराला एका दिवसात हे संपणे शक्यच नाही, तेव्हा माणसे बोलवावीच लागत. आणि बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायात पहिले पीक आणणाऱ्याला सांगितले आहे की तू, लेवी (देवाच्या सेवेतला, स्वतःची जमीन नसलेला माणूस) आणि तुझ्यामध्ये राहणारा परका असे सगळ्यांनी मिळून आनंद करा. उपकारस्तुतीला कोणाला बोलवायचे हा प्रश्न त्या विधीतच होता, आणि ज्याच्याकडे स्वतःचे पीक नाही त्याचे नाव यादीत होते.

आधी तुमच्या पतींशी बोला. तुमच्या एवढ्या सविस्तर पत्रात सासूबाई काय म्हणतात, पाळक काय म्हणतात, तरुण संघ काय म्हणतो हे सगळे आहे. ज्यांच्या जिवासाठी ही सभा आहे त्यांना काय वाटते याबद्दल एकही वाक्य नाही. पन्नाशीतला काका वाचला आणि बावीस वर्षांचा पुतण्या गेला, हे ओझे ते छातीवरच्या टाक्यांबरोबर घेऊन फिरत असण्याची शक्यता फार मोठी आहे. ते गप्प असतील तर त्या गप्पपणाला सभेच्या तयारीत बुडवू नका.

मग जावेकडे जा, आणि पाळकांना तारीख देण्याआधी जा. परवानगी मागू नका, कारण 'नाही' म्हणण्याचे ओझे तिच्यावर पडेल आणि 'हो' म्हटले तरी ते मनापासून आहे की नाही हे दोघींनाही कळणार नाही. तिला एवढेच सांगा, "सासूबाईंनी बोललेला शब्द आहे, त्यासाठी आम्ही थोडी माणसे बोलावून प्रार्थना करणार आहोत. पोराचे नाव घेतल्याशिवाय मला प्रार्थना करता येणार नाही. नाव घेतले तर तुला चालेल का, की तुला ते जड होईल? तू आलीस तर माझ्याजवळ बस, नाही आलीस तर मी समजेन." पुतण्याचा वाढदिवस आणि तो गेला ती तारीख टाळा, ख्रिसमसच्या आधीचे दिवस तिला अवघड जातील, तेही शक्यतो नकोत.

सभा लहान ठेवा, दहा-बारा माणसांची. मंडळीला जेवण हा नवसाचा भाग असेल तर त्या जेवणाचे पैसे सासूबाईंच्या हाताने दुसरीकडे जाऊ द्या: सरकारी रुग्णालयाबाहेर रुग्णांचे जे नातेवाईक रात्री पायरीवर झोपतात, त्यांना एक दिवस जेवण नेता येईल, आणि अन्न वाढताना सासूबाई स्वतः तिथे असाव्यात. त्यांना फेडल्याचे समाधान मिळेल आणि तुमच्या जिन्याखाली पन्नास जोडी चपलांची गर्दी होणार नाही. स्पीकर नको, एवढे मुलांना तुम्ही स्पष्ट सांगा. पेटी आणि टाळ पुरेत. वर राहणाऱ्या माणसाला आपल्या खोलीचे दार लावून घेतले तर शांत बसता आले पाहिजे.

सुरुवात १३ व्या स्तोत्राने करा. ते सहा ओव्यांचेच आहे, पहिल्या दोन ओव्यांत चार वेळा 'कोठवर' असा प्रश्न येतो, आणि तरी ते गाण्याकडे वळते. मग पुतण्याचे नाव घेऊन, त्याच्याबद्दल देवाचे आभार माना. बावीस वर्षे तो तुमच्या घरात होता, हाही उपकारच आहे. थोडा वेळ कोणीही बोलू नये. त्यानंतर ११६ वे स्तोत्र आणि पतींसाठी उपकारस्तुती. ती करताना नेमके बोला: ज्याने गाडी काढून वेळेत पोचवले तो शेजारी, शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर, रक्त देणारी मुले, रात्री बाकावर तुमच्याबरोबर बसलेल्या बाया. पाळकांना आधी भेटून विनंती करा की "या कुटुंबाच्या विश्वासामुळे" अशा अर्थाचे वाक्य संदेशात येऊ नये. तुम्ही कारण सांगितलेत तर ते ऐकतील. बहुतेकांना कोणी हे कधी सांगितलेलेच नसते.

कोणी रडले तर सभा बिघडली असे मानू नका. एज्राच्या तिसऱ्या अध्यायात दुसऱ्या मंदिराचा पाया घातला जातो तेव्हा लोक झांजा-कर्ण्यांसह 'त्याची दया सनातन आहे' असे गातात, आणि ज्या म्हाताऱ्यांनी पहिले मंदिर पाहिले होते ते मोठ्याने रडतात. पुस्तकात लिहिले आहे की आनंदाचा आवाज कोणता आणि रडण्याचा कोणता हे लोकांना वेगळे ओळखता येईना. त्या म्हाताऱ्यांना कोणी गप्प केले नाही आणि गाणाऱ्यांनीही गाणे थांबवले नाही. रोमकरांच्या पत्रात आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करा आणि शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा, हे एकाच ओवीत आहे. तुमच्या घरात ते एका दिवशी करावे लागणार आहे, एवढेच.

ज्या वाचकांच्या घरात अगदी असे नाही, पण परीक्षेत एकाचे मूल पास झाले आणि भावाचे राहिले, एका बहिणीला मूल झाले आणि दुसरीला नाही, त्यांनाही मी हेच सांगेन की आनंदाची बातमी मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकण्याआधी त्या एका माणसाला स्वतः जाऊन सांगावी.

जाऊ सभेला आली नाही तर त्या दिवशी तिला बोलवायला कोणाला वर पाठवू नका. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन तुम्ही स्वतः जिना चढा, दार तिला उघडू द्या, आणि सभा कशी झाली हे तिने विचारल्याशिवाय सांगू नका. बूट हलवायचे की नाही हेही तिलाच ठरवू द्या.